पळीभर पाणी

माझ्या नोकरीची पहिली अठरा वर्षं लोकांना 'पाणी पिऊ नका' सांगण्यात गेली आणि शेवटची नऊ 'पाणी प्या' सांगण्यात. दोन्हीकडे लोकांनी माझं ऐकलं नाही. त्यामुळे माझी जीभ तिखट झाली, असं आमच्या घरी म्हणतात. ती आधीपासूनच तिखट होती, हे माझ्या आईने सांगितलं असतं.

आधी मी डायलिसिस विभागात सिस्टर होते. किडनी निकामी झालेल्या माणसाला लघवी होत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, पायांवर सूज येते, मग छातीत पाणी होतं आणि धाप लागते. म्हणून त्यांना दिवसाचं पाणी मोजून द्यायचं. पुढे नाशकातच गंगापूर रोडच्या बाजूला एका दुसऱ्या हॉस्पिटलात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विभाग निघाला आणि मी तिकडे गेले. कारण विचारणाऱ्यांना मी गुडघे सांगितले. खरं कारण गुडघे नव्हतं, ते पुढे येईलच.

नव्या ठिकाणी माझं काम उलट. या ऑपरेशनमध्ये पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करतात. लोक विचारतात, मग खायचं काय? खायचं नंतर बघू, आधी प्यायचं कसं ते शिकावं लागतं. त्या केळ्याएवढ्या पोटात घटाघटा पाणी गेलं तर छातीत कळ येते आणि सगळं बाहेर पडतं. म्हणून एकेक घोट, दर दहा-पंधरा मिनिटांनी, दिवसभर. औषधाचा तो तीस मिलीचा प्लॅस्टिकचा पेला असतो ना, तेवढा एका वेळेला. असे पन्नासेक पेले झाले की दिवस पदरात पडला. जेवणासोबत पाणी नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही. गंमत म्हणजे यातल्या कित्येकांना तहान लागल्याचं कळतच नाही. डोकं दुखतं, उठलं की गरगरतं, लघवी चहासारखी होते, आणि माणूस म्हणतो, मला काही तहान नाही. पहिले दोन आठवडे मी प्रत्येकाला दिवसातून तीनदा फोन करायचे. अकरा, दोन आणि पाच. एकच प्रश्न, "किती झाले?"

आमचे हे रामकुंडावर यजमानकृत्य करतात. तर्पण, पिंडदान, अस्थिविसर्जन, पिढ्यान्‌पिढ्या तेच. त्यांना माझ्या नव्या कामाची फार मौज वाटायची. म्हणायचे, "मी मेलेल्यांना पाणी देतो, तू जित्यांना. फरक एवढाच, माझ्याकडचे कुरकुर करत नाहीत." मी म्हणायचे, तुमच्याकडचे परत फोन उचलत नाहीत. हे हसायचे. पुढे एकदा हे माझंच वाक्य मला भारी पडलं.

तऱ्हेतऱ्हेचे लोक भेटले. मालेगावचे एक शेठ होते, यंत्रमागवाले. कारखान्यात एवढा खडखडाट की मोबाइलचा गजर ऐकू येत नाही. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. कुठल्याही लूमवर धागा तुटला आणि लूम थांबला, की एक घोट. मला फार आवडली ती युक्ती. दोन आठवड्यांनी चक्कर येऊन दाखल झाले. मी ओरडले, तर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, क्या करूं, इस हफ्ते सूत अच्छा आया था. धागा टूटाच नहीं."

त्यांच्यामुळे मला एक कळलं. घोट कशाला तरी बांधून ठेवला पाहिजे. आणि मला घरातलीच गोष्ट सुचली, आचमन. संध्येला बसलेला माणूस कधी पाणी गटागटा पितो का? पळीने तळहातावर घेतो, ओठ लावतो, थांबतो. देवघरातली पळी मी सिरिंजने मोजून पाहिली, बरोबर पाच मिली भरली. सहा पळ्या म्हणजे एक पेला. भांडीबाजारातून मी डझनभर पळ्या आणल्या आणि डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या हातात एकेक ठेवायला लागले. "आचमनासारखं प्या," एवढं सांगितलं की आजीबाईंनाही कळायचं, कॉलेजातल्या पोरींनाही. डॉक्टर हसले, पण उलट्या कमी झाल्या तसे तेही पुढच्या खोलीतून ओरडायला लागले, "सिस्टर, यांना पळी द्या." मला त्या पळीचा अभिमान होता. आता तो सांगताना जीभ अडखळते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, मंगल आमच्याकडे आली. नामपूरची, चाळिशीच्या आतली. नवरा भाऊसाहेब, कांद्याचा व्यापार. वजन खूप, साखर वाढलेली, गुडघे गेलेले. ऑपरेशन छान झालं. नामपूर लांब, म्हणून दहाव्या दिवसाच्या तपासणीपर्यंत पाथर्डी फाट्यावर एका नातेवाइकाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायचं ठरलं. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. मी नेहमीसारखी पळी काढून तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ही तुम्ही मला देताय?" तिने विचारलं.

"मग कोणाला? पैसे नाही लागत हो त्याचे," मी म्हटलं.

तिने पळी पदरात बांधून घेतली. मला वाटलं, बिचारी भारावली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. अकराला केला तर, "अठरा झाले सिस्टर." दोनला केला, "तीस." पाचला, "बेचाळीस." मी खूश. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा, तीस, बेचाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच. आता खरं सांगते, नऊ वर्षांत असं कोणाचंही झालेलं नाही. जो खरंच पाणी पितो तो चुकतो. तो म्हणतो, 'वीस झाले असतील', 'मधे झोप लागली', 'पाहुणे आले होते'. इतकं नेमकं कोणी पीत नसतं. माझ्या हाताखालच्या नव्या मुलींना हे मीच शिकवायचे, आणि इथे मीच फसले. कारण मला वाटलं, हा माझ्या पळीचा गुण.

फोनमध्ये मागे एक आवाज यायचा. टप्, मग थोडं थांबून टप्. भांड्यात थेंब पडावा तसा.

"नळ गळतोय का गं?" मी विचारलं.

"नाही, नळ बंद हे."

"एकटीच आहेस?"

"आई हे ना सोबत."

मी वहीत 'आई सोबत' असं लिहिलं आणि निर्धास्त झाले. नवरा दोन दिवसांनी नामपूरला गेला होता, लिलाव सुरू झाले होते. त्याला ती सांगायची, सिस्टर येऊन बघून जातात. तो तिकडे निर्धास्त, मी इकडे. दोघांच्या मधे ती त्या फ्लॅटमध्ये होती.

ऑपरेशनपासूनच्या नवव्या दिवशी दोनचा फोन केला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, पण कोणी बोलेना. तो टप् आवाज मात्र स्वच्छ येत होता, अगदी फोनजवळ.

"मंगल, किती झाले?"

उत्तर आलं ते म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. कोरडा, घशात अडकणारा आवाज, आणि बोली अहिराणी. "तिनं झायं, सिस्टर. आते मनं चालू शे."

तिचं झालं, आता माझं चालू आहे. एवढी अहिराणी मला डायलिसिसमधल्या अठरा वर्षांत येऊ लागली होती. मला वाटलं, आईने फोन घेतला. मी म्हटलं, "आई, मंगलला द्या जरा." त्यावर पुन्हा थोडं थांबून तोच आवाज आला, "मना गळा सुकी गया, माय." आणि फोन बंद झाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या हातावर काटा उभा राहिला. का ते लगेच कळलं नाही. हे वाक्य मी कधीतरी ऐकलेलं होतं. नुसते शब्द नाही, तो 'माय'वर येऊन थांबणारा सूरसुद्धा. मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"मंगलच्या आईंची तब्येत बरी नाही का? आवाज फार बसलाय त्यांचा."

"कोनाची आई?" ते म्हणाले. "माझी आई तर हितं नामपूरला हाय, घरी."

"मंगलची हो. तिच्यासोबत आहेत ना फ्लॅटवर?"

पलीकडे लिलावाची बोली चालू होती, ती मागे पडत गेली; ते बाजूला गेले असावेत. मग भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "ताई, तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली. नाशिकलाच गेली. डायलिसिसला बसलेली असताना."

"नाव काय होतं त्यांचं?"

"यमुनाबाई."

मी डॉक्टरांना सांगून रिक्षा केली. वाटेत मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कुठे गेलेलंच नव्हतं.

यमुनाबाई चौदा महिने माझ्याकडे येत होत्या, सटाण्याकडून, आठवड्यातून दोनदा. खिडकीजवळची चौथी खुर्ची त्यांची. गोड बाई. पण तहान कडक. सगळ्यांनाच असते, त्यांना जास्त होती. आल्या की वजन करायचं. मागच्या वेळेपेक्षा जितकं जास्त, तितकं पाणी चोरून प्यायलेलं. त्या दिवशी वजन फार वाढलेलं होतं, हृदय दमलेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. त्या सारखं म्हणत होत्या, "मना गळा सुकी गया, माय." मी दुसऱ्या पेशंटची सुई लावत होते. वळून पाहते तर त्यांची मुलगी, डोक्यावर पदर, तोंडाला मास्क, आत घुसलेली. हातात तांब्याची लहान पळी, आईच्या ओठांशी नेलेली. मी तिचं मनगट धरलं. पाणी फरशीवर सांडलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने मी म्हणाले, "आईला मारायचंय का तुम्हाला?"

ती गेली बाहेर. तासाभराने यमुनाबाई त्याच खुर्चीत गेल्या. आमची धावपळ, छातीवर दाब, इंजेक्शनं. मुलीला आत येऊ दिलं तेव्हा सगळं संपलं होतं. जाणाऱ्याच्या तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घालतात. ते राहिलं. त्या पळीत गंगेचंच पाणी होतं.

नियम माझ्या बाजूने होता. कोणी मला बोललं नाही. पण पळीभर पाण्याने त्या दिवशी काहीच बिघडलं नसतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. माझा राग पाण्यावर नव्हता, माझ्या विभागात न विचारता कोणीतरी घुसलं यावर होता. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि लोकांना गुडघे सांगितले.

आणि त्या मुलीच्या हातात मी पुन्हा पळी ठेवली होती. तिचं तोंडही मला ओळखू आलं नव्हतं.

पाथर्डी फाट्याची ती बिल्डिंग नवी, निम्मे फ्लॅट रिकामे. भर दुपारी जिन्यात माणूस नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, आणि बाहेर एवढी होरपळ असताना आत गार होतं. ओल्या तांब्याचा वास येत होता. डोळे सरावल्यावर मला भिंतीकडेने भांडी दिसली. पातेली, वाट्या, पेले, कप, डबे, डब्यांची झाकणंसुद्धा. ओळीने मांडलेली. सगळी पाण्याने भरलेली. आठ वर्षं मी लोकांना पेल्यांचा हिशेब विचारत होते. तो त्या दिवशी पहिल्यांदा मला असा मांडलेला दिसला.

मधे मंगल मांडी घालून बसली होती. पुढ्यात ताम्हन, काठोकाठ भरलेलं. ताम्हनापलीकडे एक पाट मांडलेला, रिकामा. ती पळीने उजव्या तळहातावर पाणी घेत होती आणि अंगठ्याच्या बाजूने वाटीत सोडत होती. टप्. देवांना पाणी बोटांच्या टोकांवरून द्यायचं असतं. अंगठ्याच्या बाजूने देतात ते पितरांना. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, लग्न झाल्यापासून बघते आहे.

"मंगल," मी हाक मारली.

तिने मान वळवली नाही. पाटाकडे बघत म्हणाली, "आई, सिस्टर आल्या बघ."

मी खाली बसून नाडी पाहिली. भरभर पळत होती. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी हॉस्पिटलची गाडी बोलावली. वीस मिनिटं लागतील म्हणाले. एवढ्या वेळात निदान दोन घोट जावेत म्हणून मी पेल्यात पाणी घेऊन तिच्या तोंडाशी नेलं. तिने दात घट्ट आवळले.

"आधी तिला," ती दातांतून म्हणाली. "पहिल्या दिवशी एक तिला, एक मला असं केलं. मग ती म्हणे, माझा गळा सुकला, सगळंच दे. मी देतेय. तिचं पोट भरत नाय सिस्टर. ती म्हणते, तुझ्या हातचं लागत नाय मला. जिने काढून घेतलं तिने दिलं पायजे."

मी रामकुंडावरच्या घरातली सून. पण मी मुळात सिस्टर. मला माहीत होतं की उलट्या, उपास आणि कोरडं पडलेलं शरीर मिळून माणसाला काय काय दाखवू शकतात. मला हेही दिसत होतं की ही पोरगी अजून तासभर अशी बसली तर तिचं काही खरं नाही. आणि ती ज्या अटीवर अडली होती ती अट माझ्यावर होती. मला भीती वाटत होती. पाटावर कोणी दिसेल याची नाही, कोणी दिसत नसताना मला उत्तर द्यावं लागणार याची.

मी तिच्या हातातून पळी घेतली. या वेळी हळूच, तिचं मनगट न धरता. पाणी भरलं, ताम्हनावर धरलं.

"तिथं नाय," मंगल म्हणाली. "ती बसलीय ना. तोंड वर हे तिचं. अजून. हां, तिथं."

ताम्हन ओलांडून मी पळी पाटाच्या वर धरली, बसलेल्या म्हातारीच्या ओठांच्या उंचीवर. पळी इतकी भरली होती की पाणी काठाला लागत होतं. तोंडून काय निघालं ते मला सांगायला आजही अवघड जातं. मी म्हणाले, "यमुनाबाई, माझं चुकलं. घ्या." आणि पळी वाकडी केली.

पाणी पडल्याचा आवाज आला नाही. एवढ्या बंद खोलीत, जिथे मला फोनवरून थेंब ऐकू येत होता, तिथे काही वाजलं नाही. मी पळीत पाहिलं, ती रिकामी होती. नंतर गाडीवाली मुलं आली तेव्हा मी मुद्दाम पाटावर हात फिरवला. पाट कोरडा होता. माझ्या साडीवर सांडलं असेल. तसंच झालं असणार, मी साडी तपासली नाही.

मंगलने मोठा श्वास सोडला. "पोट भरनं," ती म्हणाली. तिच्याच आवाजात, बोली मात्र आईची. मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघून तिने तोंड उघडलं. मी एक पळी घातली. थांबले. दुसरी घातली. सहा पळ्या होईपर्यंत गाडी खाली येऊन थांबली होती. सवयीने मी मनात मोजलं, एक पेला झाला.

हॉस्पिटलात शिरेतून पाणी आणि व्हिटॅमिनची इंजेक्शनं लावली. डॉक्टरांनी समजावलं, असं होऊ शकतं. पाणी आणि ते एक व्हिटॅमिन कमी पडलं की माणूस गोंधळतो, नसलेली माणसं दिसतात, स्वतःचा आवाज बदलतो. घसा एवढा कोरडा असेल तर कोणाचाही आवाज म्हाताऱ्यासारखा येईल. हे सगळं खरं आहे आणि मला पटलं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही तिला पाणी प्यायला तयार कसं केलंत? मी म्हटलं, समजूत घातली. कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंगल उशाला टेकून बसली होती. चेहरा माणसात आला होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मला कधी ओळखलंस?"

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही वजन करायला उभं केलं ना, तेव्हाच. आवाजावरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विसरल्या होता. मी म्हटलं, विसरल्या तर बरंय की. एकीला तरी झोप लागत असेल."

मला रडू आलं. पेशंटसमोर मी सव्वीस वर्षांत रडले नव्हते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला. आईला मागितली ना, बास झालं." आणि माझ्याच हातून पेला घेऊन एक घोट प्यायली. थांबली. मग दुसरा. मी बघत राहिले.

त्या फ्लॅटमधलं पाणी कोणी ओतायला तयार होईना. भाऊसाहेब म्हणाले, मोरीत कसं टाकायचं? शेवटी आमचे हे आणि मी मोठ्या कॅनमध्ये भरून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, घेऊन गेलो. ह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव? गोत्र?" मी नाव सांगितलं, गोत्र मला माहीत नव्हतं. "तुझं नातं काय?" मी म्हटलं, सिस्टर. त्यांनी जरा विचार केला. "हे शास्त्रात बसत नाही," म्हणाले, "पण पाणी आहे, पोचेल." आणि कॅन वाकडा केला.

घरी येऊन मी माझ्या जुन्या डायलिसिसच्या कागदांचा विचार करत बसले. चौदा महिने मी यमुनाबाईंचं पाणी लिहीत होते. किती दिलं, त्याचा रकाना होता. किती मागितलं, त्याचा नव्हता. असता तर तो मीच रोज भरला असता, आणि भरताना कधीतरी हात थांबला असता असं मला वाटतं.

उरलेलं वर्ष मी कोणाला पळी दिली नाही. प्लॅस्टिकचा पेलाच बरा. फोनचे प्रश्नही वाढवले. किती झाले, हे तर विचारायचेच. शिवाय विचारायचे, पाणी प्यायला बसता तेव्हा कोणाची आठवण येते का? मुली हसायच्या. पण लोक सांगायचे. हरसूलकडचा एक मास्तर म्हणाला होता, धाकटा भाऊ विहिरीत गेला तेव्हापासून भरलेला ग्लास बघवत नाही. त्याला आम्ही झाकणाची, नळीची बाटली दिली आणि त्याचं छान चाललं.

मंगलचा फोन येतो. वजन उतरलंय, साखरेच्या गोळ्या सुटल्यात. मी सवयीने विचारते, "आज किती झाले?" ती म्हणते, "बारा असतील, नाय तर तेरा. मधे बाजारात गेले ना, आठवत नाय सिस्टर." मला त्या 'आठवत नाय'चा किती आनंद होतो ते तिला कळत नसेल.

भाद्रपदात घरी तर्पण असतं. ह्यांचं सगळं आटोपलं की मी पळी मागून घेते. हे आता काही विचारत नाहीत, ताम्हन माझ्याकडे सरकवतात. मी एक पळी भरते, बसलेल्या माणसाच्या ओठांच्या उंचीवर धरते, वाकडी करते आणि कान देऊन ऐकते. दर वर्षी खाली टप् असा आवाज येतो. तो आला की मला बरं वाटतं, पाणी खालीच पडलं म्हणजे यमुनाबाईंची तहान भागलेली आहे. मग मी उठून माझा पेला भरते.